क्लिक नेमक्या टाइलवर पडावा म्हणून

आयसोमेट्रिक गेम (तिरकस वरून दिसणारा, शंकरपाळ्याच्या आकाराच्या टाइलांचा) करायला घेतला की बहुतेक जण पहिले अडतात ते इथेच. नकाशा सुरेख दिसतो, पण क्लिक केलं की उजळते शेजारची टाइल. माझ्या शेतीच्या गेममध्येही हेच होत होतं.

टाइल ६४ बाय ३२ पिक्सेलची. ती स्क्रीनवर कुठे काढायची हे सोपं असतं: आडवं अंतर (स्तंभ − ओळ) × ३२, उभं अंतर (स्तंभ + ओळ) × १६. हीच मॅट्रिक्स, म्हणजे आकड्यांची चौकट: वर ३२ आणि −३२, खाली १६ आणि १६. क्लिकसाठी हाच प्रवास उलटा करायचा, म्हणजे इन्व्हर्स (उलटी मॅट्रिक्स) काढायचा. दहावीच्या बीजगणितात निश्चयक शिकलो ना, तोच इथे लागतो. तो येतो १०२४. मग स्तंभ = उभं ÷ ३२ + आडवं ÷ ६४, आणि ओळ = उभं ÷ ३२ − आडवं ÷ ६४. एकदा कागदावर करून बघाच. टाइल (३, १) पडते (६४, ६४) वर, आणि तिथून परत (३, १) मिळते.

तरीही माझा क्लिक चुकत होता. शेवटी एकाच टाइलवर इंच इंच माउस फिरवून पाहिलं, तेव्हा दिसलं की शंकरपाळ्याच्या फक्त डाव्या कोपऱ्यात क्लिक बरोबर लागतो. सूत्र मोजत होतं शंकरपाळ्याच्या वरच्या टोकापासून आणि चित्र काढलं जात होतं त्याच्या डाव्या-वरच्या कोपऱ्यापासून. फरक ३२ पिक्सेलचा! मी कोडमध्ये जागोजागी ३२ वजा करत सुटलो. ते करू नका. ३ बाय ३ मॅट्रिक्स घ्या, बिंदूला तिसरा आकडा १ जोडा आणि सरकवणं तिसऱ्या स्तंभात ठेवा. इन्व्हर्स घेतला की तेही आपोआप उलटतं.

कॅमेरा आणि झूम आले की क्रम सांभाळायचा. नकाशावरून स्क्रीनवर जाताना कॅमेऱ्याची जागा वजा, मग झूमने गुणाकार, मग स्क्रीनचा मध्य मिळवायचा. परतताना मध्य आधी वजा करायचा, कारण शेवटची गाठ आधी सुटते. आधी झूमने भागलंत तर झूम १ असेपर्यंत सगळं ठीक दिसेल आणि चूक कळायचीच नाही. म्हणून चाचणी नेहमी झूम १.५ वर घ्या.

परस्पेक्टिव्ह थ्रीडीत (जिथे लांबचं लहान दिसतं) मात्र एका क्लिकमागे एक बिंदू नसतो, अख्खा किरण असतो. तो जमिनीच्या पातळीला कुठे छेदतो ते काढावं लागतं. युनिटी या गेम इंजिनात स्क्रीनटूवर्ल्डपॉइंट या फंक्शनला (ते स्क्रीनवरच्या बिंदूची गेममधली जागा देतं) खोली, म्हणजे कॅमेऱ्यापासूनचं अंतर, न देता शून्यच ठेवली तर उत्तर म्हणून कॅमेऱ्याचीच जागा हाती येते.

आणि उत्तर पूर्णांकात आणताना फ्लोअर (खालचा पूर्णांक घेणं) वापरा. नुसतं इंट केलं, म्हणजे दशांश छाटले, तर −०.३ चा शून्य होतो आणि नकाशाच्या कडेबाहेरचा क्लिक आतल्या टाइलवर जाऊन बसतो.