अंगावर पाजणाऱ्या आईचे तिखट खाणे : या चुका टाळा

तान्हे बाळ रडू लागले की आईने दुपारी काय खाल्ले याची चौकशी सुरू होते आणि आमटीतला काळा मसाला किंवा भाकरीबरोबरचा ठेचा लगेच दोषी ठरतो. सर्वांत जास्त घरांत होणारी चूक ती हीच. दूध आईच्या आतड्यातून थेट येत नाही. स्तनातील ग्रंथी रक्तातील घटक घेऊन ते तयार करतात. त्यामुळे तिखट खाऊन आईच्या पोटात गॅस झाला, तरी तो दुधातून बाळाकडे जाऊ शकत नाही. चव आणि वास मात्र थोड्या प्रमाणात उतरतात. म्युनिकच्या तंत्रविद्यापीठातील संशोधकांनी 2021 मध्ये मातांना मसालेदार रस्सा खायला देऊन त्यांचे दूध तपासले, तेव्हा मिरीतील पायपरीन तासाभरात दुधात आढळले, पण ते प्रौढ माणसाच्या जिभेला जाणवेल त्याहून कितीतरी कमी होते. मिरचीचा तिखटपणा देणारे द्रव्य तर आढळलेच नाही. लसणाविषयी 1991 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, आईच्या दुधाला लसणाचा वास येत असताना बाळे अंगावर अधिक वेळ राहिली, असे दिसले होते.

मग संशय इतका पक्का का होतो, याचे उत्तर बऱ्याच अंशी दिवसांच्या हिशेबात आहे. तान्ह्या बाळाचे संध्याकाळचे, कारण न सापडणारे रडणे साधारणपणे दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सुरू होते, सहाव्या आठवड्याच्या सुमारास सर्वाधिक असते आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंत ओसरते. आपल्याकडे बाळंतिणीचे पथ्य सव्वा महिन्याने सैल होते, म्हणजे आई घरच्या नेहमीच्या जेवणाकडे वळते त्याच सुमारास बाळाचे रडणेही टिपेला पोहोचलेले असते. हा निव्वळ योगायोग असतो, पण सासू, आई आणि शेजारीण या तिघींनाही त्यात पुरावा दिसतो. पुढे पथ्य पुन्हा कडक केले जाते, काही आठवड्यांनी रडणे आपोआप कमी होते आणि तिखट सोडल्यानेच बाळ शांत झाले, अशी सर्वांची खात्री पटते.

या खात्रीतून दुसरी चूक घडते : एकामागून एक पदार्थ बंद करणे. आधी मिरची जाते, मग लसूण, वांगे, कोबी, डाळी, आणि शेवटी तुपाचा मऊ भात तेवढा उरतो. पहिले सहा महिने अंगावर पाजणाऱ्या आईला भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीनुसार रोज सुमारे 600 किलोकॅलरी जास्त लागतात, प्रथिनांची गरजही वाढलेली असते. बेचव ताटासमोर बसलेली, झोप न झालेली बाई ती भरून काढील ही अपेक्षा अवास्तव आहे. शिवाय आपले जुने बाळंतपणाचे जेवण मुळीच सपक नव्हते. मिरी, सुंठ, ओवा, लसूण, बाळंतशेपा हे सारे त्यात होते, आणि त्या उष्ण मसाल्यांना कोणी कधी हरकत घेतली नाही.

एखाद्या पदार्थाने बाळाला खरोखरच त्रास होतो असे वाटत असेल, तर तपासण्याची रीत साधी आहे. एका वेळी एकच पदार्थ काही दिवस बंद ठेवावा, रडण्याची वेळ आणि शी वहीत टिपावी, नंतर तोच पदार्थ पुन्हा खाऊन पाहावा. तक्रार परत आली नाही, तर तो पदार्थ निर्दोष आहे. फार झणझणीत जेवणानंतर बाळाच्या अंगावर पुरळ उठल्याच्या तुरळक नोंदी आहेत. तसे झाल्यास याच रीतीने खात्री करावी. बाळाच्या शीमध्ये रक्ताचे धागे किंवा पुष्कळ शेंब दिसत असेल, तर संशय मिरचीपेक्षा गायी-म्हशीच्या दुधातील प्रथिनांवर अधिक घ्यावा. दूध यावे म्हणून आईला पेल्यांनी दूध पाजणाऱ्या घरांत हे कोणाच्या ध्यानात येत नाही. अशा वेळी बालरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने दुधाचे पदार्थ दोन ते चार आठवडे बंद ठेवून पाहतात. ताप, हिरवी उलटी, दूध न ओढणे किंवा लघवी कमी होणे यांपैकी काहीही दिसले, तर मात्र वही बाजूला ठेवून लगेच डॉक्टरांकडे जावे.

तिखट खाल्ले म्हणून एक वेळचे दूध पिळून टाकणे, त्याऐवजी पावडरचे दूध देणे, किंवा ‘पोट साफ व्हावे’ म्हणून गुटी आणि ग्राइप वॉटर पाजणे, यांतले काहीच करू नये. पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाखेरीज पाणीसुद्धा लागत नाही.

मिरचीचा खरा धोका हाताला लागलेल्या तिखटात आहे. ठेचा कुटून किंवा मिरच्या चिरून त्याच हाताने स्तन धरला, की आग बाळाच्या तोंडाला आणि डोळ्यांना लागते. हे तिखट नुसत्या पाण्याने जात नाही, म्हणून आधी हाताला तेल चोळावे आणि मग साबणाने धुवावे.

राहिला प्रश्न आईच्या स्वतःच्या पोटाचा. बाळंतपणानंतर बद्धकोष्ठता, मूळव्याध किंवा गुदद्वाराला चीर पडणे यांचा त्रास अनेकींना होतो. त्या काळात ठेचा, सावजी किंवा तांबडा रस्सा खाल्ल्यास शौचाच्या वेळी फार आग होते आणि पित्तही उसळू शकते. तेव्हा तिखट कमी करावे ते आईसाठी. भरपूर पाणी, भाज्या आणि फळे घेऊनही त्रास राहिला किंवा रक्त पडले, तर प्रसूतितज्ज्ञांना दाखवावे. अंगावर पाजत असताना चालतील अशी मल मऊ करणारी औषधे मिळतात.