ट्यूनिंग बॉक्स लावल्यावर घाटात गाडीचा दम गेला: माझा अनुभव

खंबाटकी घाटात, तिसऱ्या गिअरला, माझ्या डिझेल गाडीचा दम एकाएकी गेला. इंजिनचा दिवा लागला, गाडी लिंप मोडमध्ये, म्हणजे इंजिन वाचवण्यासाठी ताकद आपोआप कमी. स्कॅनरवर कोड पी००८७, म्हणजे रेलमध्ये (इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या नळीत) डिझेलचा दाब कमी.

पहिला संशय ताकद वाढवण्यासाठी लावलेल्या ट्यूनिंग बॉक्सवरच. तो रेल प्रेशर सेन्सर आणि ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) यांच्या मध्ये बसतो, ईसीयूला दाब आहे त्याहून कमी दाखवतो. मग पंप दाब वाढवतो आणि डिझेल जास्त जातं. बॉक्स काढून मूळ कनेक्टर ‘टक्’ आवाज येईपर्यंत दाबून बसवला. तरी चढावर कोड आलाच! डिझेल फिल्टर उघडला तर काळाकुट्ट, तळाशी पाणी. नवा टाकला, डिझेलच्या लाइनमधली हवा काढली, कोड पुसला. त्याच घाटात गाडी मस्त चढली.

बॉक्स मात्र परत लावला नाही. पंपावर कायमचा जादा ताण मला नको.