थंडीत छोट्या विमानाचं इंजिन ऑइल : या चुका टाळा

कडाक्याच्या थंडीत इंजिन सुरू झालं आणि ऑइल प्रेशरचा काटा वर चढला, की पायलटचा जीव भांड्यात पडतो. बहुतेक चुकांचं मूळ इथेच आहे. थंड, घट्ट ऑइल अरुंद वाटांमधून पुढे सरकायला तयार नसतं, म्हणून तर प्रेशर जास्त दिसतं. बेअरिंगपर्यंत नेमकं किती ऑइल पोहोचलं, हे तो काटा सांगत नाही.

‘मल्टिग्रेड भरलंय, आता प्रीहीट कशाला?’ हे वाक्य हँगरमध्ये हमखास ऐकू येतं. (मल्टिग्रेड म्हणजे थंडीतही फार घट्ट न होणारं ऑइल, प्रीहीट म्हणजे सुरू करण्याआधी इंजिन गरम करणं.) १५डब्ल्यू-५० सारखं मल्टिग्रेड थंडीत सिंगल ग्रेडपेक्षा पातळ राहतं, हे खरं. पण त्याने इंजिनाचा धातू थोडाच गरम होतो? इंजिनाचं कवच म्हणजे क्रँककेस ॲल्युमिनियमची, आत फिरणारा दांडा म्हणजे क्रँकशाफ्ट पोलादाचा. ॲल्युमिनियम जवळपास दुप्पट आकसतं, त्यामुळे ऑइल सगळ्यात घट्ट असतं नेमकी तेव्हाच बेअरिंगमधली फटही कमी झालेली असते. लायकमिंग कंपनीच्या बहुतेक इंजिनांना उणे १२ अंश सेल्सिअसच्या खाली आणि कॉन्टिनेन्टल कंपनीच्या इंजिनांना उणे ७ च्या खाली प्रीहीट सांगितलेलं आहे. माझं मत विचाराल तर पारा शून्याजवळ गेला की हीटर लावावाच.

तो लावण्यातही गफलत होते. सिलिंडरवर दहा मिनिटं गरम हवा मारली की सिलिंडर हेडचं तापमान छान वर येतं, पण खाली संपमधलं (ऑइल साठतं त्या तळातलं) ऑइल तसंच गार असतं. डिपस्टिक बाहेर काढून बघा. ऑइल टोकावरून सहज ओघळत नसेल, तर अजून थांबायचं आहे. उलट टोक म्हणजे संप हीटर आठवडाभर चालू ठेवणं, तेही काउलिंगवर (इंजिनाच्या बाहेरच्या आवरणावर) ब्लँकेट न घालता. ऑइलमधल्या पाण्याची वाफ वर जाते आणि थंड भागांवर दव बनून बसते. लायकमिंगमध्ये व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट वरच्या बाजूला असतो, त्यामुळे गंज आधी त्याला धरतो. आदल्या रात्री हीटर लावा, काउलिंगची तोंडं बंद करा, वर ब्लँकेट टाका.

सुरू केल्यावर आरपीएम हजारच्या आसपास ठेवा. ३० सेकंदांत प्रेशर दिसलं नाही तर इंजिन बंद. काही हँडबुकांत फार थंडीसाठी याच्या दुप्पट वेळ दिलेला असतो, तेव्हा आपल्या विमानाचं पान आधीच वाचून ठेवा. कॉन्स्टंट-स्पीड प्रोपेलर (ऑइलच्या दाबाने पात्यांचा कोन बदलणारा) असेल, तर हबमध्ये गरम ऑइल पोहोचेपर्यंत रन-अपमध्ये, म्हणजे उड्डाणाआधीच्या इंजिन तपासणीत, तो दोन-तीनदा सायकल करा, म्हणजे पात्यांचा कोन पुढे-मागे फिरवा.

आता सगळ्यात खोडकर सवय : उडायचं नाही, पण ‘इंजिन जरा फिरवून ठेवू’. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं. त्यातली थोडी वाफ पिस्टन रिंगांमधून निसटून क्रँककेसमध्ये जाते. हवेत असताना ऑइल ८० अंशांच्या वर टिकलं तर ती बाहेर पडते. जमिनीवर पंधरा मिनिटांत ऑइल तेवढं तापतच नाही, मग पाणी आतच राहतं आणि ॲसिड तयार होतं. फिलर कॅपच्या आतल्या बाजूला दुधट साय दिसली, तर हेच चाललंय असं समजा. अर्धा-पाऊण तास उडणार नसाल, तर इंजिनाला हात लावू नका.

हीच वाफ ब्रीदर पाइपमधून, म्हणजे क्रँककेसमधली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून, बाहेर पडताना टोकाशी गोठते. टोक बंद झालं की क्रँककेसमध्ये दाब साठतो, क्रँकशाफ्टचं पुढचं सील निसटतं आणि बघता बघता ऑइल बाहेर. म्हणून बऱ्याच विमानांत पाइपला काउलिंगच्या आत, ऊबेत, एक छोटी खाच ठेवलेली असते. पाइप बदलताना खाच नसलेला तुकडा बसतो किंवा कुणीतरी ‘लीक’ समजून तिच्यावर टेप मारतं. प्रीफ्लाइटला टॉर्च मारून खाच बघा, बाहेरच्या टोकावर बोट फिरवा.

एक कोडं उरतं. बाहेर हाडं गोठवणारी थंडी, आणि ऑइल टेंपरेचर मात्र चढतंय. कूलरमधलं ऑइल गोठल्यासारखं घट्ट झालं, की बायपास (पर्यायी वाट) उघडतो आणि ऑइल कूलरला वळसा घालून तसंच गरम परत येतं. अशा वेळी कूलरला जास्त हवा दिली तर तो आणखी जाम होतो. त्यासाठीच कूलरवर येणारी हवा अडवणारी हिवाळी प्लेट असते. ती उत्पादकाने मंजूर केलेलीच वापरा, घरगुती टेपचे प्रयोग नकोत. प्लेट कोणत्या तापमानाला काढायची ते हँडबुकमध्ये दिलेलं असतं. तो आकडा लिहून पॅनेलवर चिकटवा, नाहीतर पहिल्या उबदार दुपारी क्लाइंबमध्येच काटा लाल रेषेकडे जाईल.