एदित स्कोबचे सिनेमे बघायचेत? कुठून सुरू करायचं आणि काय बघायचं

एदित स्कोब या फ्रेंच अभिनेत्रीचं नाव सर्च केलं की सगळ्यात आधी एक पांढरा मुखवटा समोर येतो आणि बहुतेक लोक तिथूनच सुरू करतात, एक हॉरर सिनेमा बघतात, भारी वाटतं आणि विषय संपतो. माझं म्हणणं आहे की मुखवट्यापासून सुरू करू नका. या बाईने 1959 पासून जवळजवळ साठ वर्षं कॅमेऱ्यासमोर काम केलं आणि त्यातलं बरंचसं काम छोट्या-मोठ्या चरित्र भूमिकांचं आहे, कुणाची आई, कुणाची मालकीण, कुठली तरी खानदानी म्हातारी. ते नीट बघायचं तर क्रम थोडा उलटा लावावा लागतो.

आधी जुजबी माहिती. जन्म पॅरिसमध्ये, 21 ऑक्टोबर 1937. मृत्यूही पॅरिसमध्येच, 26 जून 2019. फ्रान्सच्या सीझर या सिनेमा पुरस्कारांत सहाय्यक अभिनेत्रीसाठी दोनदा नॉमिनेशन मिळालं, एकदाही पुरस्कार मिळाला नाही, आणि याचं मला खरंच वाईट वाटतं कारण ती दोन्ही कामं तिच्या सगळ्यात चांगल्या कामांपैकी आहेत.

तर सुरुवात करा 'समर अवर्स' पासून, ओलिव्हिए असायासचा 2008 चा सिनेमा. यात ती एलेन आहे, पंचाहत्तरीची आई, पॅरिसबाहेरच्या मोठ्या घरात राहणारी, घरभर चित्रं, जुनं फर्निचर, काचेच्या वस्तू, सगळ्या म्युझियममध्ये ठेवण्यासारख्या. वाढदिवसाला तिन्ही मुलं जमतात, नातवंडं बागेत दंगा करतात आणि एलेन मोठ्या मुलाला बाजूला घेऊन सांगायला लागते की मी गेल्यावर कुठली वस्तू कुठे जायची, आणि त्याला ते ऐकायचंच नसतं. इथे तिचा आवाज ऐका. रडका सूर नाही, स्वतःची कीव नाही, बाजारहाटाची यादी सांगावी तसं ती सांगते आणि म्हणूनच ते लागतं. मुलांनी नवीन फोन गिफ्ट दिलाय, त्याच्याकडे ती कशी बघते तेही सोडू नका. मग सगळे निघून जातात, घरात अंधार पडायला लागतो, घर सांभाळणारी एलोईझ निघायच्या आधी येते आणि एलेन म्हणते की माझ्याबरोबर आठवणी जातील, गुपितं जातील, ज्यात आता कुणाला रस नाही अशा गोष्टी जातील. हा सीन दोनदा बघा, दुसऱ्या वेळी आवाज बंद करून. चेहरा जवळपास हलत नाही. मान, खांदे आणि ती खुर्चीत कशी बसलीय एवढ्यावर सगळं चाललंय. यानंतर लवकरच ती सिनेमातून जाते, मरण्याचा सीनसुद्धा दाखवत नाहीत, पण पुढचा सगळा वेळ त्या घरात ती जाणवत राहते.

हे डोक्यात ठेवून आता मागे या, 1960 च्या 'आईज विदाउट अ फेस' वर. दिग्दर्शक जॉर्ज फ्रांजू, कॅमेरा ऑयगेन शुफ्तानचा, संगीत मोरिस जारचं. नामांकित सर्जन बाप (पिएर ब्रासर), त्याच्या चुकीने झालेल्या अपघातात मुलीचा चेहरा गेलाय आणि तो दुसऱ्या मुलींचे चेहरे काढून तिला लावायचा प्रयत्न करतोय, त्याची मदतनीस आलिदा वाल्ली. स्कोब म्हणजे ती मुलगी, क्रिस्तियान. तेव्हा ती विशी-बाविशीची होती आणि जवळजवळ सगळा सिनेमा तिला चेहऱ्याशिवाय करायचा होता. एकदा शेवटपर्यंत गोष्ट म्हणून बघा, मग परत लावा आणि फक्त तिचे सीन बघा.

काय बघायचं ते सांगतो. पहिल्यांदा ती दिसते तीच पालथी पडलेली, तोंड उशीत खुपसलेलं. मुखवटा लावून घरभर फिरते तेव्हा चाल बघा, घाई कुठेच नाही आणि मान एकदम ताठ. ओठ हलताना दिसत नाहीत, म्हणून हेडफोन लावा, कारण सगळं काम त्या बारीक, थोड्या लहान मुलीसारख्या आवाजावर आहे. मग ती होणाऱ्या नवऱ्याला फोन लावते (त्याच्या लेखी ही मेलेली आहे) आणि नुसतं ऐकते, बोलत नाही, रिसीव्हर धरलेला हात बघा फक्त. कुत्र्यांचा सीन तर मला सगळ्यात आवडतो. बाप ज्या कुत्र्यांवर प्रयोग करतो त्यांच्याजवळ ती जाते, त्यांना कुरवाळते, आणि पूर्ण सिनेमात मनापासून केलेला स्पर्श म्हणजे तोच.

मधे थोडा वेळ ऑपरेशन यशस्वी झालं असं वाटतं आणि स्कोबचा खरा चेहरा दिसतो. इथे पॉज करून तुलना करा, मुखवट्यात ती जशी बसायची तशीच आताही बसलीय का. मला तरी वाटतं की चेहरा परत मिळूनही ती मुलगी परत आलेली नाही, आणि हे तिने एकही मोठा डायलॉग न मारता दाखवलंय.

एक सूचना, ऑपरेशनचा सीन आजही अंगावर येतो, त्या काळी एडिंबराच्या फिल्म फेस्टिव्हलला लोक चक्कर येऊन पडले होते. सहन होत नसेल तर ती काही मिनिटं खुशाल पुढे ढकला. आणि डबिंग केलेली अमेरिकन आवृत्ती घेऊ नका, 'हॉरर चेंबर ऑफ डॉक्टर फॉस्टस' अशा नावाने ती तिकडे आली होती. आवाज दुसऱ्याचा असेल तर मग स्कोबचं राहिलं काय त्यात. मूळ फ्रेंच ऑडिओ आणि खाली इंग्लिश सबटायटल, एवढं बघून घ्या. क्रायटेरियन या डिस्क काढणाऱ्या कंपनीने हा सिनेमा, 'समर अवर्स' आणि 'ज्युडेक्स' तिन्ही काढलेत, प्रिंट चांगल्या आहेत.

फ्रांजूबरोबरचे बाकीचे सिनेमे मग जमेल तसे बघा. 1959 च्या 'हेड अगेन्स्ट द वॉल' मध्ये ती वेड्यांच्या इस्पितळात गाणारी एक पेशंट आहे, छोटासाच रोल, पण त्यानंतर लगेच फ्रांजूने तिला क्रिस्तियान दिली. 1962 च्या 'तेरेझ देस्केरू' मध्ये ती एमान्युएल रिव्हासोबत आहे. 1963 च्या 'ज्युडेक्स' मध्ये ती बँकरची मुलगी. खरं सांगायचं तर 'ज्युडेक्स' मध्ये तिला करायला कमी आहे, अर्धा वेळ बिचारी बेशुद्ध असते, उचलून नेतात, नदीत टाकतात, पण सिनेमा इतका सुंदर आहे की तरीही बघा, पक्ष्यांच्या मुखवट्यांची ती पार्टी एकदा बघितली की विसरत नाही. 1965 चा 'थॉमस द इम्पोस्टर' शेवटी ठेवला तरी चालेल.

पुढे 1969 मध्ये लुईस बुन्युएलने 'मिल्की वे' मध्ये तिला चक्क येशूची आई मरियम केली. येशू दाढी करायला निघालाय आणि ती म्हणते नको करू, दाढीत चांगला दिसतोस. अगदी घरातल्या आईचा सूर. एवढ्याशा सीनसाठी सिनेमा शोधला तरी पैसे वसूल.

यानंतर तिचं बरंच लक्ष रंगमंचाकडे गेलं. तिचा नवरा जॉर्ज अपेर्गिस, अथेन्समध्ये जन्मलेला संगीतकार, त्याने 1976 मध्ये पॅरिसला लागून असलेल्या बान्योलेमध्ये संगीत आणि नाटक एकत्र करणारी मंडळी उभी केली आणि ती त्यात काम करायची. नंतरच्या सिनेमांत तिचं बोलणं लयीत येतं, कुठे थांबायचं ते तिला नेमकं कळतं, ते मला वाटतं तिथूनच आलं असावं.

मग उतारवयातले रोल. इथे एक सवय लावून घ्या, ती फ्रेममध्ये कधी येते आणि कधी जाते ती वेळ वहीत लिहून ठेवा, नाहीतर मोठ्या सिनेमात ती हातातून निसटते. राऊल रुईझच्या 1999 च्या 'टाइम रिगेन्ड' मध्ये ती डचेस ओरियान आहे. 2016 च्या 'थिंग्ज टू कम' मध्ये इझाबेल उपेरची आई, एकेकाळची मॉडेल, आता एकटी, लेकीला अवेळी फोन करणारी, थेट फायर ब्रिगेडला बोलावणारी, आणि सोबत पँडोरा नावाची जाडी काळी मांजर. ही बाई वैतागही आणते आणि तिची दयाही येते, उपेरसारख्या नटीसमोर हे दोन्ही एकाच वेळी टिकवणं सोपं नाही.

'होली मोटर्स' मात्र हे सगळं झाल्याशिवाय लावू नका, प्लीज. लिओस काराक्सचा 2012 चा, कान फिल्म फेस्टिव्हलच्या स्पर्धेत होता. 1991 च्या 'लव्हर्स ऑन द ब्रिज' मध्ये काराक्सने तिला घेतलं होतं पण तिथे ती जेमतेम दिसते, इथे मात्र ती सेलिन आहे, नट दनी लाव्हांला लांबलचक पांढऱ्या लिमोझिनमधून पॅरिसभर फिरवणारी ड्रायव्हर. तो दर थोड्या वेळाने वेष बदलून वेगळाच माणूस होतो आणि ही पुढच्या सीटवर, नीटनेटकी, काळजी करणारी, त्याला पुढच्या कामाची आठवण करणारी. तिचे ड्रायव्हिंगचे तुकडे नुसते जोडकाम समजून सोडू नका, तो काय खातोय, किती थकलाय हे बघणारं एकच माणूस आहे त्या सिनेमात. शेवटची काही मिनिटं काय होतं ते इथे सांगत नाही, पण 1960 चा सिनेमा आधी बघितला नसेल तर ती मिनिटं तुमच्यासाठी फुकट जातील.

एवढं झालं की सुट्ट्या रोलची शिकार करा. 2001 चा 'ब्रदरहूड ऑफ द वुल्फ' मित्रांबरोबर बघायला मस्त आहे, त्यात ती लांडग्याच्या दहशतीखालच्या भागातल्या एका सरदार घराण्याची आई आहे. 2014 च्या 'जेमा बोव्हरी' मध्येही ती थोडा वेळ आहे. शोधताना मूळ फ्रेंच नावाने शोधा, कारण इंग्लिश नावं देशागणिक बदलतात आणि तिचं नाव पोस्टरवर बऱ्याचदा नसतंच, कलाकारांच्या पूर्ण यादीत खाली जाऊन बघावं लागतं.