कॉम्प्युटर एक, प्लेअर चार

आजोबांना पर्वती चढताना अभंग हवेत. आईला स्वयंपाकघरात भावगीतं, मुलीला बसमध्ये तिची गाणी, आणि हॉलमधल्या कारवाँला (रेडिओसारखा दिसणारा म्युझिक प्लेअर) लावायच्या पेन ड्राइव्हवर नाट्यसंगीत. गाणी मात्र सगळ्यांची एकाच कॉम्प्युटरवर. अशा घरात हमखास होणारी चूक म्हणजे चौघांसाठी चार फोल्डर. तेच गाणं तीन ठिकाणी, एकीकडे नाव दुरुस्त केलेलं, दुसरीकडे ‘ट्रॅक ०७’ तसंच. सहा महिन्यांत खरी प्रत कुठली तेच कळेनासं होतं.

साठा एकच ठेवा, वाटणी प्लेलिस्टने करा. प्लेअरवर जाते ती फक्त प्रत, आणि ती जाते कॉम्प्युटरकडून प्लेअरकडे, उलट कधीच नाही. प्लेअरवर परस्पर टाकलेलं गाणं पुढच्या सिंकला, म्हणजे प्लेअर कॉम्प्युटरवरच्या यादीशी जुळवताना, पुसलं जाणार, हे घरात आधीच सांगून ठेवा. आणखी एक: स्ट्रीमिंग अ‍ॅपमध्ये ‘डाउनलोड’ केलेली गाणी अशी कॉपी होत नाहीत. स्वतःच्या सीडीवरून घेतलेली किंवा फाइल म्हणून विकत घेतलेलीच चालतात.

आधी बारसं

प्रत्येक प्लेअरला, कार्डाला, पेन ड्राइव्हला वेगळं नाव द्या. ‘धिस पीसी’मध्ये ड्राइव्हवर राइट क्लिक, मग ‘रिनेम’. फॅट ३२ मध्ये (ड्राइव्हवर फाइली मांडायची एक पद्धत) नाव जास्तीत जास्त ११ अक्षरांचं आणि साध्या रोमन लिपीत ठेवा: ‘AJOBA’, ‘AAI’, ‘CARVAAN’.

हा सोपस्कार नाही. एकामागून एक लावलेल्या वेगवेगळ्या ड्राइव्हना विंडोज बऱ्याचदा तेच अक्षर देतं. सकाळी ‘ई’ ड्राइव्ह म्हणजे आजोबांचा प्लेअर, संध्याकाळी ‘ई’ म्हणजे मुलीचा. सिंकच्या प्रोग्रॅममध्ये फक्त ‘ई’ लिहिलेलं असेल आणि ‘मिरर’ (प्लेअर हुबेहूब साठ्यासारखा करणं, जादा ते पुसणं) चालू असेल, तर मुलीची गाणी जाऊन तिथे हरिपाठ येतो. रीसायकल बिनमध्ये शोधू नका, बहुधा तिथेही काही सापडत नाही.

किती मावतं

१२८ केबीपीएसची एमपीथ्री फाइल मिनिटाला साधारण १ एमबी जागा खाते, ३२० ची सुमारे २.४ एमबी. म्हणजे पाच मिनिटांचं भावगीत ५ किंवा १२ एमबी. पूर्वी सवाई गंधर्व महोत्सवात रात्र बसून काढलेल्यांच्या घरात हिशोब वेगळा पडतो: तासाभराचा एक राग ३२० वर १४४ एमबी. ८ जीबीचा प्लेअर कॉम्प्युटरवर ७.४ जीबीच दिसतो, त्यात असे पन्नासेक राग मावतील. १२८ वर १३० च्या आसपास. साध्या इअरफोनवर, रस्त्याच्या आवाजात १९२ पुरे. कीर्तन-प्रवचनाला ६४ मोनोसुद्धा चालतं. मूळ साठा मात्र उत्तम दर्जाचाच ठेवा, बारीक करायचं ते प्रतीला.

जागा शंभर टक्के भरू नका. बरेच प्लेअर गाण्यांची यादी त्याच जागेत लिहितात. २००-३०० एमबी मोकळी सोडा.

आयपॉड असेल तर

एका लायब्ररीला (कॉम्प्युटरवरचा गाण्यांचा साठा) कितीही आयपॉड जोडता येतात, पण एक आयपॉड एका वेळी एकाच लायब्ररीशी सिंक होतो. मामाकडे सिंक केलेला आयपॉड तुमच्या कॉम्प्युटरला लावला की ‘इरेज अँड सिंक’ असं विचारलं जातं. ते बटण म्हणजे आधीची सगळी गाणी पुसणं. घाईत दाबू नका.

मॅकवर २०१९ च्या कॅटालिनापासून आयपॉड फाइंडरच्या डाव्या पट्टीत दिसतो. विंडोजवर आयट्यून्स चालतं. पण तिथे ‘अ‍ॅपल म्युझिक’ आणि ‘अ‍ॅपल डिव्हाइसेस’ ही नवी अ‍ॅप टाकली की आयट्यून्सकडे फक्त पॉडकास्ट आणि ऑडिओबुक उरतात, सिंक ‘डिव्हाइसेस’मधून करावं लागतं. पायऱ्या अशा:

१. प्रत्येकासाठी एक प्लेलिस्ट करा: ‘आजोबा’, ‘आई’.
२. आयपॉड लावून ‘म्युझिक’ टॅब उघडा, ‘सिंक म्युझिक’वर खूण करा.
३. ‘एंटायर लायब्ररी’ नको, ‘सिलेक्टेड प्लेलिस्ट्स’ निवडा आणि त्या माणसाचीच यादी टिक करा.
४. ‘ऑटोमॅटिकली फिल फ्री स्पेस’ची खूण काढा. नाहीतर उरलेल्या जागेत कुणाचंही काहीही येऊन बसतं.
५. ‘अप्लाय’.

या निवडी त्या आयपॉडपुरत्या लक्षात राहतात. पुढच्या वेळी नुसती केबल लावली की काम होतं.

स्मार्ट प्लेलिस्टमध्ये एक खोच आहे. सिंक होताना आयपॉडवर गाणं किती वेळा वाजलं तो आकडा लायब्ररीत परत येतो, आणि सगळ्या आयपॉडचे आकडे एकाच गाण्यापुढे जमा होतात. म्हणून ‘सर्वाधिक वाजलेली’ ही यादी एकट्या माणसाची राहत नाही. आजोबा रोज पहाटे लावतात ते भजन मुलीच्या यादीत अव्वल येतं. यादी वाजण्यावर न बांधता प्रकार, गायक किंवा ‘नव्याने आलेली’ यावर बांधा.

साधे प्लेअर आणि पेन ड्राइव्ह

विंडोजवर म्युझिकबी हा प्रोग्रॅम फुकट आहे आणि या कामाला उत्तम. प्लेअर लावला की तो डिव्हाइस म्हणून दिसतो. त्याच्या सेटिंगमध्ये कुठल्या प्लेलिस्ट जायच्या ते ठरवा, मोठ्या फाइली जाताना बारीक करायच्या का तेही तिथेच. फ्लॅक (दर्जा न घटवणाऱ्या मोठ्या फाइली) न वाजवणाऱ्या प्लेअरला हे फार उपयोगी.

कारवाँच्या पेन ड्राइव्हसारखं अख्खं एक फोल्डरच उचलायचं असेल तर फ्रीफाइलसिंक हा प्रोग्रॅम बरा. डावीकडे साठ्यातलं ‘नाट्यसंगीत’ फोल्डर, उजवीकडे ड्राइव्हच्या अक्षराऐवजी चौकोनी कंसात ड्राइव्हचं नाव. मघाचं बारसं इथे कामी येतं: त्या नावाचा ड्राइव्ह लावलेला नसेल तर काम पुढे जातच नाही. पद्धत ‘मिरर’, आणि आधी ‘कंपेअर’ दाबून काय पुसलं जाणार ते वाचा. वेळेतला २ सेकंदांचा फरक चालेल असं सेटिंग तसंच राहू द्या. फॅट ३२ दोन सेकंदांच्या टप्प्यानेच वेळ नोंदवतं, ती सूट काढली तर न बदललेल्या फाइलीही दरवेळी नव्याने कॉपी होत बसतील.

प्लेअरमध्ये ‘यूएसबी मोड’ असेल तर एमएससी निवडा (यात प्लेअर साध्या ड्राइव्हसारखा दिसतो) आणि पुन्हा बदलू नका. काही जुन्या सॅनडिस्क प्लेअरांत एमटीपी या दुसऱ्या मोडने टाकलेली गाणी एमएससीत कॉम्प्युटरला दिसत नाहीत. जागा भरलेली, फोल्डर रिकामं.

कुठे अडतं

क्रम बिघडतो. स्वस्त प्लेअर नावाच्या क्रमाने नाही, फाइली ज्या क्रमाने लिहिल्या गेल्या त्या क्रमाने वाजवतात. फाइलींना ००१, ००२ असे आकडे द्या. १, २, १० असे दिलेत तर १० नंबर २ च्या आधी येऊ शकतो. तरीही गोंधळ राहिला तर फॅटसॉर्टर चालवा, ते क्रम पुन्हा लिहून देतं.

जागा असून ‘डिस्क फुल’. हा १-२ जीबीच्या जुन्या प्लेअरांचा आजार. त्यांत फॅट १६ असतं, आणि त्याच्या मुख्य फोल्डरमध्ये साधारणपणे ५१२ नोंदीच बसतात. लांब नाव दर १३ अक्षरांना एक जादा नोंद खातं, त्यामुळे दीडशे गाण्यांतच दार बंद होतं. गाणी उपफोल्डरमध्ये टाका, तिथे ही मर्यादा नाही.

कार्ड ओळखत नाही. ६४ जीबी आणि पुढची कार्डं एक्सफॅटमध्ये येतात, जुन्या प्लेअरला फॅट ३२ लागतं. विंडोजची नेहमीची फॉरमॅट खिडकी ३२ जीबीच्या वर तो पर्याय दाखवत नसेल तर रुफस हा प्रोग्रॅम वापरा. भलतंच स्वस्त कार्ड असेल तर गाणी भरण्याआधी एचटूटेस्टडब्ल्यू या प्रोग्रॅमने क्षमता तपासा.

मराठी नावांच्या जागी चौकोन किंवा प्रश्नचिन्हं. एमपीथ्रीटॅग या प्रोग्रॅममध्ये टॅग (फाइलीत लिहिलेली गाण्याची माहिती) आयडीथ्री २.३, यूटीएफ-१६ असे लिहा आणि जुना आयडीथ्री १ काढून टाका. तरी चौकोनच दिसले तर त्या प्लेअरमध्ये देवनागरी फाँटच नाही, त्याच्या प्रतीला रोमन नावं द्या. ‘ज्ञानेश्वर’ दिसतंय पण जोडाक्षरं फुटलेली असतील, तर त्यालाही हाच इलाज.

प्रत्येक गाणं दोनदा, त्यातलं एक वाजत नाही. मॅकवरून कॉपी केलंय. टिंब आणि अधोरेषेने सुरू होणाऱ्या लपलेल्या फाइली मॅक मागे सोडतो, त्या पुसा.

प्लेअर चार्ज होतो पण दिसत नाही. केबल फक्त चार्जिंगची आहे. पुण्यात इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या तपकीर गल्लीत केबल घेताना ‘डेटा केबल द्या’ असं स्पष्ट म्हणा. चारही एकदम लावायचे असतील तर स्वतःचा अ‍ॅडॅप्टर असलेला हब घ्या. बिनअ‍ॅडॅप्टरच्या हबला यूएसबी २ पोर्टचे ५०० मिलिअँपिअर सगळ्यांत वाटावे लागतात, आणि सिंकच्या मध्येच एखादा प्लेअर गळतो.

वेळेचा अंदाज ठेवा: सेकंदाला ५ एमबीने लिहिणाऱ्या प्लेअरला १५ जीबी भरायला ५० मिनिटं लागतात. डेस्कटॉपला यूपीएस नसेल तर लाइट जाण्याच्या दिवशी, म्हणजे पुण्याच्या बऱ्याच पेठांत गुरुवारी, हे काम काढू नका. संपल्यावर ‘इजेक्ट’ करा, केबल काढा, आणि पडद्यावर यादी तयार होत असेपर्यंत प्लेअर बंद करू नका.