गरोदरपणात ‘सगळं खाते’ म्हणूनही एचबी कमी? या चुका टाळा

गरोदर बाईला ‘काय काय खाता?’ असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: “सगळंच खाते की ताई.” ती खोटं बोलत नसते. घरात जे शिजतं ते सगळं ती खाते, एवढाच त्याचा अर्थ. आशाताई वहीत ‘आहार चांगला’ असं लिहून पुढच्या घरी जातात आणि महिन्याभराने एचबी (रक्तातलं हिमोग्लोबिन) नऊवर आलं की सगळे एकमेकांची तोंडं बघतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) महाराष्ट्रातल्या 45.7 टक्के गरोदर महिलांना ॲनिमिया, म्हणजे एचबी कमी असणं, आढळला. देशाचा आकडा 52.2 टक्के होता. याचं कारण दर वेळी ताटातच असतं असं नाही. जंत, लागोपाठची बाळंतपणं, मलेरिया, सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) हेही असतं. पण ताट नीट पाहायचं तर आधी प्रश्न नीट विचारावा लागतो.

‘काय खाता’ हा प्रश्नच सोडा

त्याऐवजी ‘काल उठल्यापासून झोपेपर्यंत पोटात काय काय गेलं?’ असं विचारा. चहापासून सुरुवात करा आणि मधलं काही सुटू देऊ नका. मुंबईत मानखुर्द-गोवंडीकडच्या वस्तीतला एक साधारण दिवस असा निघतो: सकाळी चहा आणि दोन पाव. दुपारी भात आणि पातळ डाळ. चारला चहा-खारी. संध्याकाळी वडापाव. रात्री चपाती आणि बटाट्याची भाजी. पोट भरलेलं आहे, पदार्थही बरेच आहेत.

आता गट मोजू. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने 2016 मध्ये बायकांच्या आहारासाठी एक सोपा निकष दिला. अन्नाचे दहा गट: धान्यं आणि कंद, डाळी-कडधान्यं, शेंगदाणे-तीळ यांसारख्या बिया, दूध-दही, मांस-मासे, अंडी, हिरव्या पालेभाज्या, पिवळ्या-केशरी भाज्या आणि फळं (लाल भोपळा, गाजर, पिकलेली पपई, आंबा), इतर भाज्या, इतर फळं. काल यांतले निदान पाच गट पोटात गेले का, एवढंच पाहायचं. चमचाभरापेक्षा कमी असलेलं मोजायचं नाही.

वरच्या दिवसात पाव, भात, खारी, चपाती आणि बटाटा मिळून एकच गट होतो. गफलत होते ती इथेच. बटाटा ताटात भाजी म्हणून येतो, हिशेबात मात्र तो भाताच्या शेजारी बसतो. साबुदाणा, रताळं, अळकुड्या यांचंही तेच. नाचणीची भाकरी कॅल्शियमसाठी फार चांगली, जरूर खावी, पण तिनेही गट वाढत नाही. डाळ आणि वड्याचं बेसन हा दुसरा गट. भाजीत कांदा-टोमॅटो हात सैल सोडून घातला असेल तर तिसरा. चहात रंगापुरतं घातलेलं दूध धरत नाहीत. म्हणजे तीन झाले.

हा निकष मुळात समूहाचा आहार तपासण्यासाठी आहे, एकेका बाईला नापास करण्यासाठी नाही. “तुमचे तीनच गट भरले” असं तिला ऐकवून काही साधत नाही. त्याच डाळीत मूठभर माठ किंवा मेथी चिरून टाकली, भाजीत शेंगदाण्याचं कूट घातलं आणि एक उकडलेलं अंडं खाल्लं, तर तीनाचे सहा होतात, हे तिच्यासमोर बोटांवर मोजून दाखवा. स्वयंपाकाला वेळ फारसा वाढत नाही, आणि एकाच स्टोव्हवर सगळं उरकायचं असतं तिथे ही गोष्ट लहान नाही.

रेशन भरलं म्हणजे ताट भरलं, असं धरू नका

रेशनवर माणशी पाच किलो धान्य मोफत मिळतं. त्याने उपासमार टळते. पण गहू-तांदूळ कितीही आणला तरी गट एकच. वाचलेला पैसा डाळ-भाजीकडे वळला तर फायदा, आणि तो बहुधा भाडं, गॅस, उधारी यांत जातो. यात बाईचा दोष काढू नये.

रेशनच्या तांदळाबाबत मात्र एक चूक सहज टाळता येते. त्यात शंभर दाण्यांमागे साधारण एक दाणा लोह, फोलिक ॲसिड आणि बी-12 घातलेला असू शकतो. तो जरा वेगळा दिसतो, कधी पाण्यावर तरंगतो. मग ‘प्लॅस्टिकचा तांदूळ आलाय’ अशी बोंब उठते आणि बायका सुपात घेऊन नेमके तेच दाणे निवडून फेकतात. ते प्लॅस्टिक नाही. तांदळाच्याच पिठात लोह आणि जीवनसत्त्वं मिसळून केलेला दाणा आहे. फेकू नका, तांदूळ पाच-सहा पाण्यांनी धुऊ नका आणि भाताची पेज ओतून देऊ नका.

सुनेशी बोलून सासूला सोडून जाऊ नका

बहुतेक आहार-सल्ला इथेच वाया जातो. ज्या बाईला सल्ला देतो तिच्या हातात ना पैसे, ना भाजीची पिशवी. बऱ्याच घरांत वाढणारीही तीच आणि शेवटी जेवणारीही तीच. नवरा, दीर, सासरे, मुलं जेवून उठेपर्यंत भातच तेवढा उरतो. भाजीच्या कढईत तेल आणि दोन मिरच्या, डाळीत वरचं पाणी. कालच्या जेवणात तिने ‘डाळ’ सांगितली तर घट्ट होती की वरची, हे विचारलंच पाहिजे. अंडी चार आणली तर ती कुणाकुणाच्या ताटात गेली, हेही.

‘सगळे एकत्र जेवा’ हे ऐकायला छान आहे, पण दहा बाय बाराच्या खोलीत आणि दोन पाळ्यांच्या घरात ते जमत नाही. त्यापेक्षा कुणालाही वाढण्याआधी तिची वाटी भरून बाजूला झाकून ठेवायची, हा नियम घरात टिकतो. अट एकच: हे सासूबाईंनी म्हटलं पाहिजे. त्यांना उपदेश करू नका, जबाबदारी द्या. “नातवाची वाटी तुमच्याकडे” म्हटलं की बऱ्याच सासवा ते काम हौसेने घेतात. सातव्या महिन्यात डोहाळजेवणाला जी माउली पाच प्रकारांचं ताट सजवते, तिला रोजची एक वाटी जड नाही.

महागाचं फळ आणि डब्यातली पावडर

दवाखान्यातल्या भिंतीवर सफरचंद, डाळिंब, बदाम यांचं चित्र असतं. ते पाहून बाई मनात ठरवते की हे आपल्यासाठी नाही, आणि विषय संपतो. सल्ला देणाऱ्यांची ही मोठी चूक. पेरू, आवळा, केळं, बोरं, चिंच, शेवग्याचा पाला, लाल भोपळ्याची फोड, मोड आलेली मटकी ही नावं घ्या. किनारपट्टीकडच्या, मासे खाणाऱ्या घरांत जवळा, सुकट, बोंबील सुचवा. मूठभर जवळा कांद्याबरोबर परतला की मासळीचा गट भरतो. फक्त सुकी मासळी आधी धुऊन घ्यावी, आणि ज्यांचं बीपी वाढलेलं आहे त्यांनी मिठामुळे जपून खावी.

उलट ज्यांच्याकडे थोडे पैसे येतात, ते मेडिकलमधून शक्तीच्या पावडरीचा डबा आणतात. डब्याच्या पैशांत महिनाभराची अंडी आणि शेंगदाणे येतील. बिटाचंही तसंच. रंग लाल म्हणून रक्त वाढत नाही, लोह त्यात बेताचंच असतं. खा, पण त्याच्या भरवशावर राहू नका.

‘हे खाऊ नको’ची यादी

पपई उष्ण, केळं थंड, अंडं गरम, भोपळा वातूळ. घराघरांतल्या याद्या जोडल्या तर खायला भातच उरेल. कच्च्या पपईचा चीक टाळावा हे ठीक, पिकलेली पपई टाळायचं कारण नाही. यादीवरून वाद घालण्यापेक्षा जे चालतं त्यातून गट भरा. केळं नको तर पेरू. अंडं नको तर दही आणि चणे.

एका समजुतीशी मात्र भांडावंच लागतं: ‘जास्त खाल्लं तर बाळ मोठं होईल, बाळंतपण अडेल.’ म्हणून आठव्या-नवव्या महिन्यात जेवण कमी करतात, आणि बाळाचं वजन झपाट्याने वाढतं ते याच महिन्यांत. चौथ्या महिन्यापासून रोज साधारण 350 कॅलरी जास्त लागतात, म्हणजे दोन चपात्या आणि वाटीभर घट्ट डाळ. एका बैठकीत जात नसेल तर चार वेळा थोडंथोडं खावं.

आणि कुणी चोरून भाजकी माती, खडू किंवा पाटीवरची पेन्सिल खात असेल तर ओरडू नका. लोह कमी असल्याची ती खूण असू शकते. एचबी तपासून घ्या.

चहा आणि गोळ्या

जेवणाबरोबर किंवा जेवणानंतर लगेच चहा घेतला की डाळ-भाजीतलं लोह नीट अंगी लागत नाही. तासाभराचं अंतर ठेवा आणि पालेभाजीवर लिंबू पिळा. लोहाची गोळीही चहाबरोबर नको, कॅल्शियमच्या गोळीबरोबरही नको: एक दुपारी, एक रात्री असं काहीतरी ठरवा. शौचाला काळं होणं हा गोळीचा परिणाम, त्याला घाबरू नये. गोळीने बाळ काळं होत नाही. मळमळ होत असेल तर रात्री जेवून झोपताना घ्या, पण सोडू नका. धाप लागत असेल, चेहरा सुजत असेल किंवा एचबी सातच्या खाली असेल, तर गट मोजत बसू नका, थेट दवाखाना गाठा.

अंगणवाडीचा पुडा घरभर वाटू नका

घरी नेलेला पोषण आहार सगळ्यांच्या वाटणीला जातो, हे अंगणवाडीताईंना पक्कं ठाऊक असतं. पोरं मागे लागल्यावर आई एकटी कशी खाणार? म्हणून आदिवासी भागात 2015 पासून सुरू असलेल्या अमृत आहार योजनेत गरोदर आणि स्तनदा मातांना शिजवलेलं एक पूर्ण जेवण दिलं जातं. ते डब्यात भरून घरी नेलं की पुन्हा तेच होतं. शक्य तिथे अंगणवाडीतच बसून जेवा.

खरी पंचाईत ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणाऱ्या बायकांची होते. दिवाळीच्या सुमारास गाव सुटतं, नोंद गावातच राहते आणि फडावर भाकरी, मिरची, चहा यांवर महिने निघतात. निघण्याआधी अंगणवाडीताईंना कुठे जाणार ते सांगा. अंगणवाडीच्या ‘पोषण ट्रॅकर’ ॲपमध्ये स्थलांतराची नोंद करता येते. माता-बाल कार्ड आणि आधार सोबत ठेवा, तिथे पोहोचल्यावर जवळच्या अंगणवाडीत नाव सांगा. टोळीबरोबर जाताना सामानात शेंगदाणे, हरभरे आणि वाळवलेला शेवग्याचा पाला बांधून घ्या. यातलं काही लवकर नासत नाही, आणि फडावर ते विकत घ्यायला दुकान जवळ असेलच असं नाही.