गडी पारखायचा तर आधी मैदान वजा करा

बेळगावच्या लेले मैदानाच्या कडेला उभं राहून ‘पोरगा भारी आहे’ म्हणायला काही लागत नाही. तो कोणत्या जागेवर भारी, कुणासमोर भारी, आणि आपल्या संघात आला तर नेमकं कोणतं काम करेल, हे कागदावर उतरवायला बसलं की पंचाईत होते. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात फुटबॉल बघणारे उदंड आहेत. पण संघ निवडताना शेवटी चालतं ते ‘मी बघितलाय त्याला’ एवढंच. शाळेचे क्रीडाशिक्षक, क्लबांच्या निवड समितीत नव्याने आलेली मंडळी, खेळ थांबवून खेळाडू पारखण्याच्या कामाकडे वळू पाहणारे जुने खेळाडू, अशांसाठी हे लिहितोय.

डोळ्याला जे दिसतं त्यात खेळाडू असतो, पण त्याच्यासोबत मैदान, त्याचं वय आणि समोरचा संघही असतो. हे तीन वजा करता आले पाहिजेत. नवख्या माणसाचे बहुतेक अंदाज इथेच फसतात.

मैदानापासून सुरुवात करू. खानापूरकडच्या जांभ्याच्या तांबड्या जमिनीवर मार्च-एप्रिलमध्ये चेंडू दगडावर आपटल्यासारखा उसळतो. अथणी-चिकोडीकडची काळी माती पावसात बुटाला चिकटते आणि वाळली की भेगाळते. पहिल्या जमिनीवर पायात चेंडू थांबवणारा मुलगा अडाणी दिसतो आणि लांब लाथ मारणारा हुशार. दुसऱ्या जमिनीवर ओल असताना ड्रिबल करणाऱ्याचा चेंडू डबक्यात अडकतो आणि नुसता अंगाने दांडगा गडी सामना गाजवतो. उसळी मोजायची सोपी रीत आहे. सामन्याआधी दोन मीटर उंचीवरून, म्हणजे हात वर ताणून, चेंडू तसाच सोडून द्या. चांगल्या कृत्रिम टर्फवर तो ६० सेंटीमीटर ते एक मीटर परत येतो. तुमच्या मैदानावर छातीच्या वर आला तर त्या दिवशीच्या पहिल्या टचला गुण देताना हात सैल ठेवा.

चेंडूही दाबून बघा. नियमाप्रमाणे पाच नंबरचा चेंडू ४१० ते ४५० ग्रॅमचा आणि ०.६ ते १.१ वातावरणीय दाबाचा असतो. गावच्या स्पर्धेत तो टणक होईपर्यंत हवा भरतात. शिवण उसवलेला जुना चेंडू पावसात पाणी पिऊन जड होतो, मग हेड मारणारी पोरं डोकं चोरायला लागतात आणि कडेला उभे असलेले ‘भित्रा आहे’ म्हणून मोकळे होतात. आणखी एक बारकी गोष्ट. मैदान पूर्व-पश्चिम असेल तर दुपारी चारच्या सामन्यात एका गोलकीपरच्या डोळ्यांत ऊन असतं. उंच चेंडू त्याच्या हातातून कोणत्या हाफमध्ये सुटला, हे लिहिल्याशिवाय त्याला नापास करू नका.

वयाचं गणित याहून अवघड. वयोगटाची सीमा १ जानेवारी असेल तर जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला एकाच संघात खेळतात, आणि त्यांच्यात जवळजवळ वर्षाचं अंतर असतं. जगभरच्या युवा संघांत वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत जन्मलेली मुलं जास्त सापडतात, ती यामुळेच. त्यात शरीराची वाढ कागदावरच्या वयाला जुमानत नाही. मुलगे साधारण साडेतेरा-चौदाच्या सुमारास झपाट्याने उंच होतात, मुली त्याच्या दीड-दोन वर्षं आधी. त्या काळात पाय लांब होतात आणि तोल बिघडतो. कालपर्यंत सफाईने वळणारा मुलगा अचानक धडपडायला लागतो. त्याला त्या वर्षी काढून टाकणं ही निवड समित्यांची नेहमीची चूक. वर्षभरात बुटाचा नंबर किती वाढला, आई-वडिलांची उंची किती, हे दोन प्रश्न विचारले तरी बराच अंदाज येतो. कागदावरच्या जन्मतारखेवर मात्र फार विसंबू नका. आपल्याकडे एका पिढीच्या निम्म्या लोकांचा वाढदिवस शाळेच्या दाखल्यावर १ जूनला असायचा, आणि जन्मदाखला आला तरी तो उशिरा नोंदवलेला नाही ना, हे बघावंच लागतं. सतरा वर्षांखालच्या जागतिक स्पर्धेत फिफाने २००९ पासून वय तपासायला मनगटाचा एमआरआय सुरू केला, तो उगाच नव्हे. गावपातळीवर ते शक्य नाही. मग एवढंच करायचं: हा मुलगा चेंडू जिंकतो तो खांदा लावून, की आधी जागेवर पोचून? खांद्याने जिंकणाऱ्याला दोन वर्षं मोठ्या मुलांत खेळवून बघा, उत्तर पंधरा मिनिटांत मिळतं.

आता प्रत्यक्ष बघणं. पाऊण तास आधी पोचा. गोलच्या मागे बसू नका, तिथून खोली कळत नाही. मध्यरेषेच्या समोर, जमेल तेवढं उंच बसा: पायऱ्या, गच्ची, टेम्पोचा हौदा, काहीही. ओळखीच्या घोळक्यापासून लांब. एकाने ‘सात नंबर बघ’ म्हटलं की पुढचा तासभर सगळ्यांना सात नंबरच दिसतो. वॉर्मअपमध्ये कोणता पाय वापरतो, कोण टाळाटाळ करतो, कोण गुडघ्याला पट्टी बांधतो, ते टिपा. सामना सुरू झाल्यावर पहिली पंधरा मिनिटं एकाही खेळाडूवर नजर न ठेवता दोन्ही संघांची रचना काढा. चार मागे की तीन? बॅक वर जातात का? स्ट्रायकर एकटा पडतो का? हे कळल्याशिवाय एखादा ‘पुढे येत नाही’ म्हणून नावं ठेवाल आणि त्याला कोचनेच मागे राहायला सांगितलेलं असेल.

मग एक खेळाडू धरा आणि सलग दहा मिनिटं त्याच्यावरून नजर काढू नका. चेंडू कुठेही असो. नव्वद मिनिटांतला साधारण तासभरच चेंडू खेळात असतो, आणि एका खेळाडूच्या पायात तो सगळा मिळून दोन-तीन मिनिटं. उरलेल्या वेळात तो काय करतो, यावर तो संघात टिकणार की नाही हे ठरतं.

वहीत वाक्यं लिहीत बसू नका, वेळ पुरत नाही. खुणा ठेवा. पुढे पास, आडवा पास, मागे पास यांना तीन वेगळे बाण. यशस्वी असेल तर नुसता, चुकला तर बाणावर काट. प्रतिस्पर्धी दोन मीटरच्या आत असेल तर बाणाभोवती वर्तुळ. सामन्यानंतर फक्त वर्तुळातले बाण मोजा. मोकळ्यात वीस पास अचूक देणारे गल्लोगल्ली मिळतात. अंगावर माणूस असताना दहातले सहा पुढे देणारा मिळाला तर त्याचं नाव दोनदा अधोरेखित करा.

पहिल्या टचकडे बघताना चेंडू पायाशी मेल्यासारखा थांबला म्हणून खूश होऊ नका. टचनंतर चेंडू कुठे गेला, ते बघा. सेंटर हाफचं, म्हणजे मधल्या फळीतल्या खेळाडूचं, उदाहरण घ्या. स्टॉपरकडून, म्हणजे मधल्या बचावपटूकडून, पास निघायच्या आधी त्याने मान मागे वळवून बघितलं का? किती वेळा? पास येताना त्याचं अंग अर्धं उघडं आहे की पाठ पूर्ण समोरच्या संघाच्या गोलकडे? चेंडू त्याने जवळच्या पायाने घेतला की लांबच्या? लांबच्या पायाने, अर्धं अंग उघडं ठेवून घेतला, तर पहिल्याच टचमध्ये तो समोर वळलेला असतो आणि मागून धावत आलेला माणूस हवेत पाय मारतो. जवळच्या पायाने घेतला की पुन्हा मागे देण्याशिवाय गत्यंतर नसतं. इंग्लंडमधल्या मिडफिल्डरांवर झालेल्या अभ्यासात चेंडू मिळण्याआधी जास्त वेळा मान वळवणाऱ्यांचे पास जास्त यशस्वी ठरल्याचं दिसलंय. सवय शिकवता येते हे खरं, पण सतरा वर्षांपर्यंत लागलेली नसेल तर मोठा वेळ जातो. चेंडू गमावल्यानंतरचे पाच सेकंदही असेच लिहून ठेवा: हात कमरेवर गेले की पाय धावले?

गुण १ ते ४ मध्येच द्या. पाचाची पट्टी घेतली की सगळे तीनवर येऊन बसतात. चारात मधली जागा नाही, म्हणून ठरवावं लागतं. आणि गुण सामन्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी भरा, शेवटच्या मिनिटाला गोल मारणाऱ्याची झिंग तोवर उतरलेली असते.

जागेनुसार बघायच्या गोष्टी बदलतात. स्टॉपर उडी किती मारतो यापेक्षा मागे पळायची वेळ कधी ओळखतो ते महत्त्वाचं. विंगर सरळ धावेत जोरकस असतोच, तो थांबून पुन्हा सुटतो का? गोलकीपरचे पाय शॉटच्या क्षणी जमिनीवर स्थिर असतात की हवेत, हे झेपांपेक्षा जास्त सांगतं. भारी झेप बऱ्याचदा चुकीच्या जागी उभं राहिल्याची भरपाई असते.

एका सामन्यावर नाव पाठवू नका. किमान तीन सामने: एक स्वतःच्या मैदानावर, एक बाहेर, आणि एक ज्यात संघ हरतोय. तिसरा सगळ्यात मोलाचा. गर्दीत खेळताना बघायचं असेल तर कोल्हापूर शंभरेक किलोमीटरवर आहे. शाहू स्टेडियमवर तालमींच्या संघांचा सामना असला की गॅलरीचा आवाजच डिफेंडर असतो, आणि तिथे शांत राहणारा गडी ओळखू येतो. सात-सात जणांच्या स्पर्धा आणि भाड्याच्या छोट्या टर्फवरचे सामने बघा जरूर, पण तिथून पायाची सफाई आणि झटपट निर्णय एवढंच घ्या. ऑफसाईडची जाण किंवा चाळीस मीटर मागे धावायची तयारी तिथे कळत नाही.

मोबाईलवर चित्रण करणार असाल तर तिपाईवर, उंचावरून आणि रुंद. कॅमेरा चेंडूमागे फिरवला की आपल्याला हवा तो खेळाडू चौकटीबाहेर जातो. आकडे ठेवायला एक्सेल पुरतं. मात्र दोन सापळे टाळा. स्ट्रायकरच्या गोलांतून पेनल्टी वेगळ्या काढा: पेनल्टीचे साधारण चारातले तीन गोल होतातच, त्या कुणीही मारल्या असत्या. दुसरं म्हणजे ‘तो असताना संघ जिंकतो’ हा हिशेब. फुटबॉलमध्ये गोल कमी होतात, त्यामुळे दहा सामन्यांत एखाद्या उडालेल्या चेंडूने अख्खा आकडा उलटा होतो. त्यापेक्षा तो नसताना त्याचं काम कोणी केलं आणि कसं केलं, ते बघा.

संघासाठीची किंमत इथूनच निघते. चांगला खेळाडू आणि उपयोगी खेळाडू यांत फरक पडतो. तुमच्याकडे तीन चांगले सेंटर हाफ असताना चौथा कितीही देखणा असो, त्याच्याहून साधारण पण डावखुरा लेफ्ट बॅक जास्त मोलाचा. उजव्या पायाचा मुलगा डावीकडे उभा केला की क्रॉस द्यायला आत वळतो, तेवढ्यात बचाव जमतो. नंतर उपलब्धता. हंगामातल्या वीस सामन्यांपैकी बारा खेळणारा हिरा आणि वीसच्या वीस खेळणारा मध्यम गडी, यांत कोच दुसऱ्यालाच घेतो. घोटा, मांडीचा मागचा स्नायू, बारावीची परीक्षा, सैन्य भरतीची तयारी, सगळं विचारून घ्या. बेळगावात भरतीचं वर्ष आलं की निम्मा संघ पहाटे रस्त्यावर धावत असतो.

अहवाल एका पानाचा. नमुना असा: ‘लेफ्ट बॅक, डावखुरा, अंदाजे १६. कडक मैदान, समोरचा विंगर वेगवान. दबावाखाली ११ पास, ७ बरोबर, पुढे ४. पाठीमागे चेंडू पडला की उशिरा वळतो, दोनदा. दुसऱ्या हाफमध्ये आवाज जास्त, स्टॉपरला जागा सांगत होता. गुण ३. सखल, ओल्या मैदानावर परत बघावा.’ विशेषणं जवळजवळ नाहीत, आणि पुढे काय बघायचं ते लिहिलंय. प्रशिक्षक मराठी, कन्नड, कोंकणी काहीही बोलणारा असो, अशा अहवालावर तो प्रश्न विचारू शकतो. ‘अफाट टॅलेंट’वर काय विचारणार?

या कामात उतरायचं तर अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा प्रशिक्षकांसाठीचा डी लायसन्स करून घ्या. शिकवता आलं की बघताही येतं, आणि क्लबवाले दाराशी उभं करतात. सुरुवातीला प्रवासखर्च निघाला तरी पुष्कळ. राज्याचा रस्ता बंगळुरूकडे जातो, पाचशे किलोमीटर, आणि गोवा तर चोर्ला घाटापलीकडेच. त्यामुळे तुमच्या अहवालाचे वाचक दोन-तीन राज्यांत असू शकतात. पालकांना पैशाचं किंवा ‘आयएसएलमध्ये (इंडियन सुपर लीगमध्ये) घालतो’ असलं आश्वासन देऊ नका. असं बोलणारा मैदानावर भेटला तर त्याच्याकडे फिफाचं एजंट लायसन्स आहे का, विचारा.

शेवटी कागदपत्रं, ज्यांच्याकडे गावातले क्लब काणाडोळा करतात. प्रत्येक खेळाडूची महासंघाच्या ऑनलाइन प्रणालीत आपल्या क्लबातर्फे वेळेवर नोंदणी करा. खेळाडू पुढे परदेशी क्लबात मोठ्या रकमेला गेला तर त्या रकमेचे ५ टक्के त्याला १२ ते २३ वयात घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात: १२ ते १५ च्या प्रत्येक हंगामाला पाव टक्का, १६ ते २३ च्या प्रत्येकाला अर्धा. तेरा ते सोळा असे चार हंगाम तुमच्याकडे खेळलेला मुलगा एक कोटीला गेला तर सव्वा टक्का, म्हणजे सव्वा लाख. नोंदणी नसेल तर ते पैसे मागायला आधार उरत नाही, म्हणून अहवालाच्या फाईलला नोंदणीचा प्रिंटआउट पहिल्याच दिवशी टाचून ठेवा.